उसनी गोष्ट, स्वतःचे हात : ‘बॅटल बियाँड द स्टार्स’ (१९८०)

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’ धो धो चालला आणि पुढची काही वर्षं ज्याच्या हाती कॅमेरा होता त्याने अंतराळयान उडवून घेतलं. अमेरिकेत, इटलीत, जपानमध्ये, जिथे तिथे. त्यातले बहुतेक सिनेमे आज अर्धा तास रेटून बघणंही जड जातं. कमी पैशात सिनेमे काढणारा अमेरिकन निर्माता रॉजर कॉर्मन, त्याच्या न्यू वर्ल्ड पिक्चर्सने १९८० मध्ये काढलेला ‘बॅटल बियाँड द स्टार्स’ मात्र मी मनापासून बघते आणि माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला बसवून दाखवते. सिनेमा नकलेचा आहे हे पहिल्याच मिनिटाला कळतं. डोक्यावरून सरकत जाणारं लांबलचक यान, काळं आकाश, वाजंत्रीचा दणका; कुठून उचललंय ते सांगायला नको. तरीही तो का बघावा, आणि कुठे त्याने माती खाल्ली आहे, हे दोन्ही लिहिते.

मी नागपुरात हौशी नाटकांचं आणि बालनाट्यांचं नेपथ्य करते, गणपतीत मंडळांचे देखावे बांधते. आमच्या कामात पैशाचा क्रम ठरलेला असतो. आधी हॉलचं भाडं, मग लाइटवाला, मग साउंड, मग चहा-नाश्ता, आणि उरेल ते नेपथ्याला. त्यामुळे सिनेमा बघताना माझं लक्ष आपोआप भिंतीकडे जातं. ही प्लायची की कापडाची, टेकू कुठून दिलाय, रंग एका हाताचा आहे की घाईत दोघांनी मारलाय. या सिनेमाचा खर्च साधारण २० लाख डॉलर. कॉर्मनने तोवर काढलेल्या सिनेमांत हा सगळ्यात महागडा, पण ‘स्टार वॉर्स’ला १ कोटी १० लाखांच्या आसपास लागले होते. म्हणजे पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी पैशात तेवढंच आकाश उभं करायचं, आणि त्या २० लाखांतूनही जॉर्ज पेपर्ड आणि रॉबर्ट व्हॉन या नावाजलेल्या नटांचं मानधन आधी बाजूला काढायचं.

गोष्ट अशी. अकीर नावाचा एक शांत ग्रह. लहानशी वस्ती, आणि लढाई माहीत असलेला एकच म्हातारा, झेड, त्यालाही आता नीट दिसत नाही. एक दिवस सॅडोर येतो. अख्खा ग्रह पेटवून त्याचा तारा करून टाकणारं अस्त्र त्याच्याकडे आहे. मुकाट्याने शरण या, असं बजावून आणि मुदत देऊन तो जातो. गावातला शाद नावाचा तरुण (रिचर्ड थॉमस) झेडचं जुनं यान घेऊन लढणारी माणसं शोधायला निघतो. गावाकडे द्यायला काही नाही. जेवण देऊ, राहायला जागा देऊ, एवढंच.

इथवर आल्यावर माझ्याकडे रंगकाम करणारा पोरगा म्हणाला, “ताई, हे तं शोलेच होऊन राहिलं ना जी!” बरोबर बोलला. गावकरी, लुटारू आणि बाहेरून आणलेले लढवय्ये ही गोष्ट जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाने १९५४ मध्ये ‘सेव्हन सामुराय’मध्ये सांगितली. १९६० मध्ये जॉन स्टर्जेसने तिला घोड्यावर बसवून ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ केला. १९७५ मध्ये ती आपल्याकडे रामगढला पोचली. पुढे पाच वर्षांनी कॉर्मनने तिला अंतराळात नेलं.

आणि हे त्याने लपवलेलं नाही, हे मला फार आवडतं. ग्रहाचं नाव अकीर आणि तिथल्या माणसांना म्हणतात अकिरा. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव थेट गावालाच देऊन टाकलं. ‘मॅग्निफिसंट सेव्हन’मधल्या सातांपैकी एक रॉबर्ट व्हॉन होता, वीस वर्षांनी त्यालाच बोलावून जवळजवळ तसाच माणूस पुन्हा करायला लावला. आणखी एक. कुरोसावाचा ‘देर्सू उझाला’ अमेरिकेतल्या थिएटरांत आणला तो याच न्यू वर्ल्ड पिक्चर्सने. म्हणजे ज्या घरातून गोष्ट उचलली, त्या घराचा सिनेमा आपल्या देशातल्या लोकांना दाखवण्याचं कामही या माणसाने केलं होतं. अशा माणसाला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नक्कल कशी बघायची याचं माझं एक माप आहे. ओळखीचं सगळं ओळखून झालं की मागे काय उरतं? इथे बरंच उरतं, आणि त्याचं मोठं श्रेय पटकथा लिहिणाऱ्या जॉन सेल्सला. येणारा प्रत्येक जण का येतो, याचं प्रत्येकाला त्याने वेगळं कारण दिलंय. कारणं पैशाची नाहीत, देशप्रेमाचीही नाहीत.

गेल्ट (व्हॉन) हा भाडोत्री मारेकरी. पैसा मिळवून मिळवून इतका झाला, आणि वैरीही इतके झाले, की कुठल्याही ग्रहावर त्याला उजळ माथ्याने हिंडता येत नाही. शादकडे तो मागतो काय, तर एक जेवण आणि लपायला जागा. बास. या अटीचा शेवट सिनेमा विसरत नाही. गेल्ट मरतो तेव्हा त्याला पुरताना सोबत जेवण ठेवलं जातं, कारण ठरलं होतं. भाषण नाही, रडारड नाही. कराराची दोन्ही कलमं पाळली जातात आणि गोष्ट पुढे सरकते. या दृश्याला आमच्या वाड्याच्या अंगणात, जिथे मी पडद्यावर हा सिनेमा लावते, सगळी पोट्टी गप्प होतात.

मग नेस्टर. पांढरीफटक माणसं, कपाळावर तिसरा डोळा, आणि सगळ्यांचं मन एकच. एकाने चाखलेलं सगळ्यांना कळतं. असं असल्यावर कुणाला कुणाशी बोलायचं काय? त्यांना कंटाळा आलाय, म्हणून ते लढाईला येतात. मला हे कारण भन्नाट वाटतं. याच नेस्टरवरून सिनेमातला सगळ्यात चांगला प्रसंग उभा राहतो. सॅडोर स्वतःचं शरीर दुसऱ्यांचे अवयव जोडून टिकवत आलेला माणूस आहे. पकडलेल्या एका नेस्टरचा हात तो आपल्याला बसवून घेतो. पण हात जरी सॅडोरच्या खांद्याला असला तरी मन बाकीच्या नेस्टरांचं, आणि ते दूर आपल्या यानात बसलेले. तो हात सॅडोरच्याच गळ्यावर उठतो. या प्रसंगाला खर्च किती आला असेल? एक नट, एक सुरी, मेकअप. कुठलंही यान नाही, स्फोट नाही. कल्पना पक्की असली की वस्तू कमी लागते, हे मी नव्या मुलांना तोंडाने कितीही सांगितलं तरी पटत नाही. हा प्रसंग बघून पटतं.

बाकीचेही आहेत. केमन हा सरड्यासारखा दिसणारा, आपल्या जातीतला शेवटचा. त्याची जमात सॅडोरने संपवली, त्याला फक्त सूड हवाय. त्याच्यासोबत केल्विन नावाचे दोघे, जे बोलतात ते उष्णतेने. लढाईच्या आधी सगळे त्यांच्याभोवती शेकोटीला बसावं तसे बसतात. संत-एक्समिन ही लढवय्यी बाई, तिला झुंजून मरायचंय. आणि काऊबॉय (पेपर्ड) हा पृथ्वीवरचा मालवाहू. ज्या ग्रहावर बंदुका पोचवायच्या होत्या तो ग्रहच सॅडोरने जाळला, आता माल घेऊन जायचं कुठे? कमरेच्या पट्ट्यातूनच स्कॉच, सोडा आणि बर्फ काढणारा हा माणूस पेपर्डने अगदी सैल अंगाने, मजेत केलाय.

आता माझ्या जिव्हाळ्याचं: यानं आणि सेट.

या सिनेमाची यानं बनवायला एक पंचविशीतला पोरगा नोकरीला लागला होता, जेम्स कॅमेरॉन. छोट्या प्रतिकृती बनवणारा म्हणून आला आणि काम चालू असतानाच कलादिग्दर्शक झाला. पुढे ‘एलियन्स’, ‘टायटॅनिक’, ‘अवतार’ करणारा हाच. याच सिनेमावर गेल अॅन हर्ड निर्मिती विभागात राबत होती, जिने १९८४ मध्ये कॅमेरॉनचा ‘द टर्मिनेटर’ निर्माती म्हणून उभा केला. कॉर्मनचा स्टुडिओ म्हणजे लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातली एक जुनी लाकडाची वखार. वखार म्हटलं की मला नेमकं कळतं: पत्र्याखालचा उकाडा, भुशाचा वास, आणि कोपऱ्यात पडलेला प्रत्येक तुकडा कामाचा दिसणं.

शादचं यान, नेल, नीट बघा. बहुतेक नकलांमध्ये यान म्हणजे टोकदार काहीतरी, मागे आग. नेल गोलाईची आहे, पुढून चक्क बाईच्या देहाचा आकार. ती बोलतेही बाईच्याच आवाजात, आणि शादला चांगली फटकारते. प्रत्येकाचं यान वेगळ्या घडणीचं: सॅडोरचं हातोड्याच्या तोंडाचं, नेस्टरांचं वेगळं, संत-एक्समिनचं एवढंसं, चपळ. लढाईच्या गर्दीत कोण कोणतं हे आकारावरून ओळखू यावं म्हणून हे केलंय. रंगमंचावर आम्ही पात्रांच्या कपड्यांच्या रंगांनी जे साधतो, ते इथे यानांच्या आकारांनी साधलंय.

लहान वस्तू मोठी भासवण्यात खरी कसोटी लागते, म्हणून त्यावर थोडं थांबते. हातभर लांबीचं यान मैलभर लांब वाटायला हवं असेल तर त्याच्या अंगावर बारीक काम लागतं. खिडक्या जितक्या बारीक, तितकं यान मोठं. सपाट जागा ठेवली की डोळा लगेच म्हणतो, खेळणं आहे. म्हणून त्या काळी दुकानात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या रणगाड्या-विमानांच्या जोडणीच्या खेळण्यांतले सुटे भाग काढून यानांवर चिकटवायची पद्धत होती. वर एकसारखा राखाडी रंग, मग सांध्यांत काळपट पुसट हात. आम्ही नागपूरच्या बाजारांत, इतवारीत आणि लोहाओळीत, हेच शोधत हिंडत असतो. बॉलपेनची टोपणं, जुन्या रेडिओतल्या पट्ट्या, कुकरच्या शिट्ट्या, पाइपाचे जोड. आधी पुठ्ठ्यावर खळ आणि वर्तमानपत्राचा थर, वाळला की लांबी (पुट्टी), मग घासकागद, मग हे सगळे तुकडे, आणि शेवटी एकच प्रायमर. प्रायमर मारला की टोपण टोपण राहत नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं, आता देखावे कसे होणार. पण पुठ्ठा आणि कामट्यांचं काम ज्यांना येत होतं त्यांचं अडलं नाही. नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कागद-बांबूचेच होत आलेत की.

दुसरी गोष्ट वेगाची. लहान वस्तू फुटली तर भसकन फुटते, तुकडे क्षणात खाली. कॅमेरा जास्त वेगाने फिल्म ओढून चालवला आणि नंतर नेहमीच्या वेगात दाखवलं, की तेच तुकडे सावकाश, जड होऊन उडतात. तेव्हा स्फोट मोठा वाटतो. या सिनेमातले काही स्फोट या बाबतीत अगदी नेमके जमलेत. शिवाय कॅमेऱ्याची हालचाल संगणकाच्या मदतीने बांधलेली, त्यामुळे यान झुकतं, वळतं, पुढून मागे जातं. दोरीला टांगल्यासारखं लोंबकळत नाही. आमच्या हलत्या देखाव्यांत हे काम गाडीच्या वायपरची मोटर करते. तिचा झटका लपवायला मधे स्प्रिंग घालावी लागते. तो झटका पडद्यावर कुठे दिसतो का, हे शोधत मी हा सिनेमा बघितला आणि फार कमी ठिकाणी सापडला.

२०२३ च्या २३ ऑगस्टला चांद्रयान-३ उतरलं आणि महिन्याभरात आलेल्या गणपतीत गल्लोगल्ली विक्रम लँडर बसले. चितार ओळीपासून पार वस्त्यांच्या टोकापर्यंत. त्यातले बरेचसे एकाच फोटोवरून केलेले: सोनेरी कागद, चार पाय, मागे निळा फ्लेक्स. काही मंडळांनी मात्र आधी रमण विज्ञान केंद्रात जाऊन चार गोष्टी विचारल्या, लँडरचे पाय कसे टेकतात, धूळ कशी उडते ते समजून घेतलं. नक्कल दोघांनीही केली. दुसऱ्यांच्या देखाव्यापुढे पोरं थांबून राहत होती.

संगीताचं सांगायलाच हवं. ते जेम्स हॉर्नरचं, तोही तेव्हा पंचविशीतला. त्याच्यावर संगीतकार जेरी गोल्डस्मिथची दाट छाया आहे, विशेषतः १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ सिनेमाची. तरी सुरावट ऐकताना छाती भरून येते. पितळी वाद्यांचा मोठा नाद, आणि खाली तंतुवाद्यं धावतायत. पडद्यावर चार घुमट आणि थोडी माणसं असलेलं गाव, पण संगीत म्हणतं की जग पणाला लागलंय, आणि आपण ते मानतो. दोन वर्षांत हॉर्नरला ‘स्टार ट्रेक’चाच दुसरा सिनेमा मिळाला. पुढे ‘टायटॅनिक’साठी दोन ऑस्कर. कमी पैशाच्या कामात त्याने हात आखडता घेतला असता तर हे त्याच्याकडे चालून आलं असतं असं मला वाटत नाही.

आता जे फसलंय ते.

शाद हा नायक म्हणून पातळ आहे. रिचर्ड थॉमसचा चेहरा निरागस आहे, पण शेवटी त्याच्यात जो बदल व्हायला हवा तो होत नाही. पहिल्या आणि शेवटच्या दृश्यातला शाद एकच. नानेलियाचं (डार्लान फ्ल्यूगल) तर नुकसानच झालंय. यंत्रमानवांच्या स्थानकावर, यंत्राला जोडलेलं डोकं तेवढं उरलेल्या बापाजवळ वाढलेली हुशार मुलगी, जिने दुसरं माणूस फारसं बघितलेलं नाही. केवढं मोठं पात्र होतं! सुरुवातीच्या प्रसंगानंतर तिला नायकाशेजारी बसवून ठेवलंय.

संत-एक्समिनचा पोशाख मला खटकतो आणि तो खटकायलाच हवा. सिबिल डॅनिंग काम ताकदीने करते, तिच्या तोंडचे संवाद लढवय्यीचे आहेत, आणि अंगावर जे दिलंय ते लढाईसाठी नाही, तिकीट विकण्यासाठी दिलंय. पोशाख शिवणाऱ्याला मी दोष देणार नाही. हा निर्णय वर बसलेल्यांचा असतो.

लढाया लांबल्या आहेत. दिग्दर्शक जिमी मुराकामी मूळचा अॅनिमेशनवाला. एकेक चित्र त्याचं सुंदर असतं, पण कोण कुठून आलं, कोण कुणाच्या मागे आहे, हा धागा लढाईत सुटतो. तोच स्फोट पुन्हा वापरलेला कळतो. जमिनीवरची लढाई तर फारच मोजक्या माणसांत उरकलीय. गावकरी वाचवायचे तर आधी गाव दिसलं पाहिजे, आणि अकीर गाव म्हणून दिसतच नाही: बाजार नाही, गुरं नाहीत, भांडणं नाहीत. ‘शोले’त मौसी आहे, इमामसाहेब आहेत, म्हणून रामगढसाठी जीव तुटतो. इथे तो तुटतो तो बाहेरून आलेल्यांसाठी.

पोराबाळांना दाखवायचा तर थोडं सांभाळून. अमेरिकेत तो पालकांच्या सल्ल्याच्या वर्गात आहे. दोन-तीन चावट संवाद आणि नेस्टरला पकडल्यानंतरचा भाग लहानग्यांना नको. दहा-बारा वर्षांपुढच्यांना चालेल, आणि सोबत बसलात तर हे यान कशाचं केलं असेल, असं विचारत बसा. लांबी १०४ मिनिटं. शक्यतो ब्लू-रेवरून काढलेली स्वच्छ प्रत बघा. नेटवर फिरणाऱ्या कळकट प्रतींत यानांवरचं बारीक काम धुऊन जातं, आणि तेच बघायचं तर आहे. आवाज मोबाइलचा नको, जरा बरा स्पीकर लावा, हॉर्नरसाठी.

एक सावधगिरी. हा आवडला म्हणून लगेच याच कंपनीचा १९८३ चा ‘स्पेस रेडर्स’ शोधायला जाऊ नका. त्यात याच सिनेमातली यानांची दृश्यं आणि हॉर्नरचं हेच संगीत पुन्हा वापरलंय. तीच यानं दिसतात, तोच नाद कानावर येतो, पण गेल्टसारखी अट घालणारा कुणी नाही आणि नेस्टरसारखा कंटाळलेलाही नाही. काम शिकणाऱ्यांनी दोन्ही पाठोपाठ बघायला हरकत नाही. बाकीच्यांनी पहिला बघितला की पुरे.